उदगीरचं वऱ्हाड आणि उत्तर समुद्रातलं वादळ

परीक्षेच्या वर्गात कसले कसले वास येतात, ते पर्यवेक्षकाला विचारावं. डोक्याला चोपडलेलं खोबरेल, घामानं भिजलेल्या ओढण्या, कोपऱ्यातला माठ, खिडकीबाहेर फुललेला कडुलिंब. यंदाच्या एप्रिलात लातूरच्या आमच्या कॉलेजात मी अशीच बाकांमधून फिरत होते आणि या सगळ्यांत एकदम हळदीचा वास मिसळला. ताजी, ओली, तेलात कालवलेली हळद. वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत एक पोरगी मान खाली घालून लिहीत होती. हात कोपरापर्यंत पिवळेधमक, मनगटात हिरवा चुडा आणि उत्तरपत्रिकेच्या कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा.

"कधी झालं गं लग्न?" सही करताना मी हळूच विचारलं.

"उद्या हाय मॅडम."

"उद्या? आणि आज पेपर?"

"पेपर अगोदर ठरला व्हता मॅडम. मुहूर्त मागून निघाला," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

मी टेबलाशी येऊन बसले. चेहरा कडक ठेवला, पण मनात अशा उकळ्या फुटत होत्या की विचारू नका. हळदीच्या हातानं पेपर लिहिणारी बाई मी याआधी एकच पाहिली होती. ती माझ्या शेजारच्या खोलीत नव्हे, माझ्याच खोलीत राहायची, माझ्याच पातेल्यातला भात खायची आणि त्या उन्हाळ्यात तिनं एकाच माणसाशी दोनदा लग्न केलं होतं.

आमच्याकडं परीक्षा आणि लग्नसराई जुळ्या बहिणींसारख्या एकदमच येतात. रब्बी घरात आलेली असते, रानं रिकामी, हातात चार पैसे, आणि पाहुण्यांना झोपवायला अंगण पुरतं, कारण पाऊस नसतो. मग एका बाजूला बँड वाजत असतो आणि दुसऱ्या बाजूला पोरं कानात बोळे घालून पाठ करत असतात. मी इतिहास शिकवते. लातुरात इतिहास शिकवणं म्हणजे पंगतीत बसून उपास आहे म्हणण्यासारखं. सगळं गाव डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेलं, आणि आपण फळ्यावर डेन्मार्कच्या राजांची नावं लिहितोय. पण मला त्याचं काही वाईट वाटत नाही. माझ्या डेन्मार्कला हळदीचा वास आहे, तो यांच्या रसायनशास्त्राला कुठून येणार?

ती बाई म्हणजे महानंदा. त्या वर्षी मी आणि ती नांदेडला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी हदगावची, ती बिलोली तालुक्यातली, मांजरेच्या काठावरच्या एका गावची. एका निवृत्त शिक्षकाच्या घरी गच्चीवरची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. वर पत्रा, त्यामुळं दुपारी आम्हीच शिजायचो, भात वेगळा शिजवायची गरज नव्हती. ऐच्छिक पेपर निवडायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "उत्तर युरोपातली राजघराणी तेवढी घेऊ नका, पुस्तकं मिळत नाहीत." सरांनी नको म्हटलं म्हणून आम्ही तेच घेतलं. सगळ्या वर्गात दोघीच.

आणि फसलो. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन, त्याचा मुलगा फ्रेडरिक, त्याचा मुलगा पुन्हा ख्रिश्चन, त्याचा पुन्हा फ्रेडरिक. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत आपल्याकडंही आहे, पण निदान आपण त्याला बंडू तरी म्हणतो. त्यात यांच्या मुली जर्मनीत दिलेल्या, जर्मनीतल्या मुली स्वीडनला केलेल्या, स्वीडनची सून पोलंडची, आणि इंग्रजी पुस्तकवाला सगळ्यांना कझिन म्हणून मोकळा. आम्हाला ते चालेना. मामेबहीण की आतेबहीण, चुलत की मावस, हे कळल्याशिवाय मराठी माणसाला नातं समजतच नाही. आम्ही पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहीत गेलो: ही याची आत्या, तो त्याचा साडू, या दोघी जावा. मग ते राजे एकदम ओळखीचे वाटायला लागले.

डेन्मार्क आणि स्वीडन एकमेकांशी सात वर्षं लढले, आणि भांडणाचं एक मोठं कारण असं की ढालीवर तीन मुकुटांचं चिन्ह कुणी लावायचं. मला ते फार बालिश वाटलं. महानंदाला अजिबात वाटलं नाही.

"ह्यात काय नवल?" ती म्हणाली. "आमच्या आबांच्या लग्नात थोरल्या फुफाजीला, म्हंजे आत्याच्या मालकाला, फेटा न्हाई बांधला, नुसती टोपी दिली. अजून त्यांच्याकडची माणसं आमच्या दारात चहा पीत न्हाईत."

तिच्याकडं असं प्रत्येक तहाला आणि प्रत्येक लढाईला गावातलं उत्तर तयार असायचं. सख्ख्या नात्यातली लग्नं करायला तिकडं पोपची परवानगी लागायची, हे ऐकून ती हसली. देगलूरकडं भाची मामाला देतात, त्यांना कुठला पोप अडवतो?

तरी नावं डोक्यात राहीनात. तेव्हा तिनं युक्ती काढली. प्रत्येक राणीनं उखाणा घ्यायचा. कोण कुणाला दिली, कशी गेली, काय झालं, सगळं दोन ओळींत. नवऱ्याचं नाव काही लक्षात राहायचं नाही, म्हणून देशालाच राव लावायचा. पोलंडची एक राजकन्या स्वीडनच्या राजाच्या भावाला दिली होती. तो फिनलंडचा कारभार बघायचा. तिनं तिकडं जेवायचे काटे नेले म्हणतात, तोवर तिकडं सरदारसुद्धा हातानंच जेवायचे. पुढं राजाला भावाचा संशय आला आणि त्यानं त्याला कैदेत टाकलं. राणीला म्हणाले, तू मोकळी आहेस, तुझं तू बघ. तिनं बोटातली अंगठी पुढं केली. अंगठीवर कोरलं होतं की मरणाशिवाय कुणी सोडवणार नाही. आणि ती नवऱ्यामागं कैदेत गेली. महानंदानं तिचा उखाणा केला:

*पोलंडहून आणले काटे, फिनलंडात मांडलं ताट,*
*स्वीडनरावांचं नाव घेते, तुरुंगातही धरली त्यांचीच वाट.*

गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून ती असे उखाणे म्हणायची आणि मी खालच्या काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून हसायची. खालच्या काकूंना ते ऐकू जायचंच. एकदा त्या जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ते स्कॉटलंडराव कोण गं? चांगलं स्थळ आहे का?"

स्कॉटलंडराव हे आमचं सगळ्यात लाडकं स्थळ होतं. त्यांची गोष्ट अशी. डेन्मार्कची चौदा वर्षांची राजकन्या स्कॉटलंडच्या राजाला द्यायची ठरली. मध्ये समुद्र. राजा स्वतः आला नाही, त्यानं आपला एक सरदार मुखत्यार म्हणून पाठवला. सरदारानं राजाच्या वतीनं उभं राहायचं, लग्न लागलं म्हणायचं आणि नवरी गलबतात घालून न्यायची. लग्न तर लागलं. पोरगी म्हणे नवऱ्यासाठी स्वतः सदरे शिवत होती. पण गलबत निघालं आणि असं वादळ उठलं, की पुन्हा पुन्हा मागं फिरावं लागलं. शेवटी ती नॉर्वेच्या किनाऱ्याला जाऊन लागली आणि अडकली. तिकडं राजा वाट बघून बघून थकला, आणि एक दिवस कुणाला फारसं न विचारता स्वतःच जहाजात बसला. त्याच वादळी समुद्रातून नॉर्वेला गेला आणि तिथं दोघांचं पुन्हा लग्न लागलं, या वेळेला खऱ्या नवऱ्याशी.

*समुद्राला आलं उधाण, गलबत लागलं नॉर्वेला,*
*स्कॉटलंडराव स्वतः निघाले लाडक्या राणीला आणायला.*

हा उखाणा महानंदा जरा लाजूनच म्हणायची. त्याला कारण होतं. तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा उदगीरजवळच्या एका गावचा, नाव बालाजी, मिल्ट्रीत. साखरपुड्यानंतर तो काश्मिरात कुठल्या तरी डोंगरावर गेला आणि त्यांचं सगळं बोलणं माझ्या मोबाईलवरून चालायचं, कारण तिच्याकडं मोबाईल नव्हता. ती गच्चीच्या टोकाला जाऊन बोलायची, मी पत्र्याखाली स्वीडनचे तह पाठ करायची. मधूनच तिचं हसू ऐकू यायचं. राजकन्यांना हे सुख नव्हतं. तहाच्या कलमात त्यांचं नाव असायचं, हुंड्यातला किल्ला असायचा, पण कुणी त्यांना विचारलंय, आवडला का गं? महानंदाला तिच्या आबांनी विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. तिला तो फार आवडला होता. हे सगळं लग्न तेवढ्यासाठी माझ्याही जिव्हाळ्याचं होतं.

लग्नाची तारीख परीक्षेच्या ऐन मधे आली. शेवटचा पेपर, म्हणजे आमचा उत्तर युरोप, लग्नानंतर आठवड्यानं. महानंदानं पुस्तक पिशवीत घातलं आणि मी तिच्याबरोबर करवली म्हणून गावी गेले.

बालाजीची सुट्टी मंजूर झाली होती. हळदीच्या आदल्या दिवशी तो नांदेडला उतरणार होता. उतरला नाही. फोनही नाही. टीव्हीवर काश्मिरात बर्फ पडल्याची बातमी होती, पण एप्रिलात बर्फ ही गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात शिरेना. आमच्या अंगणात पाय ठेवला तर तळव्याला फोड येत होते. आता हळदीची रीत अशी की नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडं यायची. नवरदेवच नाही तर उष्टं कोण करणार? त्याच्या आईनं, गयाबाईंनी, बालाजीचा वर्दीतला फोटो पाटावर ठेवला, फोटोच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि उरलेली वाटी आमच्याकडं पाठवली. उद्या सकाळच्या गाडीनं येईलच, असा सगळ्यांचा हिशेब होता.

लग्नाच्या सकाळी उदगीरचं वऱ्हाड टेम्पो भरून थेट गावात आलं. बालाजीचा थोरला भाऊ जीप घेऊन नांदेडच्या स्टेशनवर गेला होता. जीप आली ती रिकामी. बँडवाल्यांनी जीप बघून वाजवायला सुरुवात केली, मग एकेकाच्या तोंडातलं वाद्य खाली आलं. शेवटी एकटा ताशावाला वाजवत राहिला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरात महानंदा हळदीच्या अंगानं बसली होती. रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "रेणू, तुझ्या फोनला रेंज कुठं येती गं?"

रेंज यायची ती फक्त गावच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. मी भरजरी साडी खोचून शिडी चढले आणि वर बसून राहिले. खालून सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघतंय, वरून ऊन, हातात मोबाईल. आयुष्यात इतके नवस मी कधी बोलले नाही. आणि फोन वाजला.

"ताई, मी बालाजी. रस्ता बंद हाय. लई बर्फ पडून ऱ्हायलाय. मी खुशाल हाय, सगळे खुशाल हाव. महानंदाला सांगा, मी येतो म्हणून."

"कधी?"

"रस्ता खुलला की. लई फिकर करू नगा म्हणावं," तो म्हणाला आणि लाईन तुटली.

मी शिडीवरूनच ओरडले, खुशाल हाय! खाली उतरेस्तोवर बातमी माझ्या आधी घरात पोचली होती. महानंदानं एकच मोठा हुंदका दिला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवलाय का म्हणाला?"

तो जिवंत होता, धडधाकट होता. खरं तर इथंच सगळ्यांनी पेढे वाटायला हवे होते. पण माणसं सुखाला लवकर सरावतात. भीती गेली आणि लगेच मुहूर्त आठवला. गुरुजींनी पंचांग चाळून सांगितलं की आज चुकला तर दोघांना जुळणारा मुहूर्त आता तुळशीच्या लग्नानंतरच. म्हणजे हळद लागलेली पोरगी उन्हाळा, पावसाळा तशीच घरात. मग महानंदाची चुलती बोलायला लागली. ती दुष्ट होती असं नाही. तिची जीभ तिच्या ताब्यात नव्हती एवढंच.

"खुशाल हाय ते बरंच झालं. पर कधी न्हाई ते यवढं बर्फ ह्याच टायमाला कामून पडलं? पायगुण म्हणून काई असतो का न्हाई?"

बिलोली तालुक्यातल्या पोरीच्या पायानं काश्मिरात बर्फ पडतो, हा भूगोल मी प्रथमच ऐकत होते. पण वऱ्हाडातल्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. पांढऱ्या पायाची हा शब्द कुणी उच्चारला नाही, तरी तो मांडवभर फिरत होता. एकदा तो चिकटला की निघत नाही. पुढं घरात म्हैस आटली तरी तिच्यामुळं, दिवा विझला तरी तिच्यामुळं.

तेव्हा मी न राहवून महानंदाच्या मामांना स्कॉटलंडरावांची गोष्ट सांगितली. मोठ्यानं सांगितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मुखत्यार, समुद्र, वादळ, राजा स्वतः निघाला ते, सगळं. मामा फौजदारी वकिलाकडं कारकून होते, मुखत्यार शब्द ऐकताच ते सावरून बसले.

"आरं, हे तर आपल्यातलंच हाय," ते म्हणाले. "पयले सरदार लोक लढाईवर ऱ्हायचे, तवा खांडा पाठवायचे. तलवार. तलवारीशी लगीन लागायचं. खांड्याचं लगीन!"

चार म्हाताऱ्यांनी हो हो म्हटलं. ग्रामसेवक मांडवातच जेवायची वाट बघत बसले होते. ते म्हणाले, "नोंद मात्र नवरदेव आल्यावर, दोघांच्या सह्या घेऊनच करीन." चालेल म्हणाले सगळे. तलवार नव्हती, पण नवरदेवानं हातात धरायची कट्यार वऱ्हाडानं आणली होती, टोकाला लिंबू खोचलेली. आता ती धरणार कोण? थोरला भाऊ उत्साहानं उठला, "मी धरतो की."

"खाली बस!" त्याची बायको कडाडली. "भावजयीला माळ घालाया निगाला!"

मांडव हसला. पण चुलतीचं चालूच होतं. "बिगर नवरदेवाचं लगीन! लोक काय म्हणतील? पोरीच्या नशिबातच खोट दिसती."

तेवढ्यात महानंदा दारात आली. हळद लागलेल्या नवरीनं असं बाहेर येऊ नये, पण ती आली. अंगावर पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या.

"रेणूनं तुमाला अर्धीच गोष्ट सांगितली. ते वादळ उठलं ना, त्याचं खापर कुणावर फोडलं ते न्हाई सांगितलं. गरीब बायांवर. म्हणले ह्यांनीच जादूटोणा करून समुद्र खवळवला. डेन्मार्कात जाळल्या, स्कॉटलंडात जाळल्या. राजा-राणी सुखानं नांदले, बाया फुकट मेल्या. काकू, समुद्र कुणाच्या पायानं खवळत न्हाई. बर्फ पन न्हाई पडत. आज तुमी मला बोल लावला तर मी कुठं जाऊ?"

मी ते मुद्दामच गाळलं होतं. शुभकार्यात जळणाऱ्या बायका कशाला, असं मला वाटलं होतं. तिनं तेच नेमकं उचलून मांडवात ठेवलं.

गयाबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, उंच, रापलेल्या हाताच्या, हिरव्या काठाचं लुगडं. सकाळपासून मुलाच्या काळजीनं त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. थेट चौरंगाशी गेल्या आणि कट्यार उचलली.

"माझं लेकरू बर्फात हाय," त्या म्हणाल्या. "त्यो इथं असता तर इथंच उभा ऱ्हायला असता. त्याच्या जागी मी ऱ्हाते. गुरुजी, धरा अंतरपाट."

"बाईमाणूस नवरदेवाच्या जागी?" गुरुजी चाचरले.

"पोटात नऊ महिने मीच त्याच्या जागी व्हते. तवा कुणी विचारलं न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "धरा."

मग मी जे लग्न पाहिलं तसं पुन्हा पाहिलं नाही. अंतरपाटाच्या एका बाजूला महानंदा, दुसऱ्या बाजूला तिची सासू, हातात लिंबू खोचलेली कट्यार आणि डोक्याला मामांनी घाईघाईनं बांधलेला फेटा. फुफाजींच्या घरचे लोकही आले होते. फेटा बाईच्या डोक्यावर बघून त्यांचा जुना राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट सरला. गयाबाईंनी कट्यारीच्या टोकानं माळ उचलून सुनेच्या गळ्यात घातली. ताशावाला या वेळेला वेळेवर वाजवायला लागला. मंगळसूत्र मात्र त्यांनी बांधलं नाही. कट्यारीच्या मुठीला गुंडाळून देवापुढं ठेवलं.

"हे त्यानंच बांधायचं," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी काम ठेवा त्याला."

पंगतीत बायकांनी महानंदाला उखाण्यासाठी धरलं. उत्तर युरोपातल्या सगळ्या राण्यांचे उखाणे करून तिची जीभ तयार झालेली होती.

*बर्फानं अडवला रस्ता, उन्हानं तापला मांडव,*
*बालाजीरावांच्या आईनंच थांबवलं सगळं तांडव.*

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? चुलती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं उठून महानंदाच्या तोंडात बुंदीचा लाडू घातला. त्या लाडवात माफी होती की नुसतीच बुंदी, हे मी आजवर ठरवू शकले नाही, पण महानंदानं तो आवडीनं खाल्ला.

चार-पाच दिवसांनी बालाजी आला. नाकाची सालपटं निघालेली, ओठ बर्फानं फुटलेले, आणि वर आमचं ऊन. त्याला बघून गयाबाई म्हणाल्या, "आलास का? माझं तर लगीन झालं बाबा." मग पुन्हा हळद, पुन्हा अक्षता, या वेळेला घरच्याच माणसांत. त्यानं मुठीवरचं मंगळसूत्र सोडवलं, पण त्याला गाठ काही मारता येईना, शेवटी मलाच मदत करावी लागली. गोष्टीतला राजा समुद्र ओलांडून आला तेव्हा त्याची नवरी त्याच्याकडं कशी बघत होती, ते पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. मला ते त्या दिवशी दिसलं. इतका आनंद मी दुसऱ्याच्या लग्नात कधी अनुभवला नाही, माझ्या स्वतःच्या लग्नात तर मी फक्त घामाघूम झाले होते.

आणि लगेच पेपर. महानंदा दोनदा हळद लागलेले हात घेऊन नांदेडच्या केंद्रावर आली. प्रत्येक राणी, प्रत्येक सून, प्रत्येक साडू आम्हाला तोंडपाठ. प्रश्नपत्रिका हातात आली. डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवरच्या जकातीचे परिणाम सांगा! सगळी लग्नं पाठ, आणि प्रश्न आला जकातीवर. मी मागं वळून पाहिलं तर महानंदा पदर तोंडाला लावून हसत होती. आम्ही दोघीही पास झालो, कशा ते तपासणाऱ्यालाच माहीत. तिच्या उत्तरपत्रिकेवरचे पिवळे ठसे पाहून त्याचं मन द्रवलं असावं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बालाजी फौजेतून निवृत्त होऊन आता उदगीरला दुकान चालवतो. त्यांच्या घरात लग्नाचे दोन वाढदिवस होतात. पहिल्या तारखेला सून सासूला लुगडं घेते, दुसऱ्या तारखेला नवरा बायकोला साडी. बालाजी कुरकुर करतो की सगळ्या जगात बायकोचा दुसरा नवरा मीच आहे, तोही आईच्या मागून. गयाबाई म्हणतात, "रांग कुणी मोडली न्हाई, तू उशिरा आलास."

परीक्षा संपवून मागच्या आठवड्यात मी त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला गेले. थोरल्या भावाचा मुलगा. नवरी किल्लारीकडची, पायांत अजून कॉलेजातलीच सँडल घालणारी. मांडवात दोघं उभी राहिली आणि आभाळ अंधारून आलं. अवकाळी. आधी वारा, मग गारा, बोराएवढ्या. मांडवाचं कापड एका बाजूनं सुटून फडफडायला लागलं, लाईट गेली, भाताच्या पातेल्यात गारा पडल्या, पोरं गारा वेचायला पळाली आणि अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातून अंतरपाट उडाला. नवरी भेदरून खांबाला टेकली. आणि माझ्या मागं बसलेल्या, वऱ्हाडातल्याच कुणा पाहुणीनं तोंडावर पदर घेऊन म्हटलं, "आता ह्या टायमालाच कामून? पोरीचा पायगुण..."

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मी महानंदाकडं. दोघींना एकाच वेळी तेच जुनं वादळ आठवलं. ती उठायला लागली, पण तिच्या आधी काठीचा आवाज आला. गयाबाई आता फार थकल्यात, कमरेत वाकल्यात, कानानं कमी ऐकू येतं. पण हा एक शब्द त्यांना कुठूनही ऐकू येतो. लुगड्याचा ओला पदर डोक्यावर ओढून त्या चौरंगापर्यंत गेल्या. नातवाच्या हातून निसटून चौरंगाखालच्या चिखलात पडलेली कट्यार त्यांनी उचलली, लिंबू गारेनं पडलं होतं तरी.

"कुणाचा पाय म्हणालीस गं?" त्यांनी मांडवाला विचारलं. मग त्या नातवाकडं वळल्या. "आन तू हाईस का रं इथं? का पळालास?"

"हाय की आजी!" पोरगा भिजलेल्या फेट्यातून ओरडला.

"मग धरा अंतरपाट," गयाबाई म्हणाल्या आणि नवरीच्या शेजारी जाऊन, कट्यार रोखून उभ्या राहिल्या. "न्हाईतर मी हायेच."